शेपटीतले निळे ठिपके

“नाना, एवढी धडक झाली, तर तारे फुटले कसे नाहीत?” शाल्मलीने विचारले.

लडाखच्या पठारावरच्या त्या वेधशाळेत दुपारीही थंडी बोचत होती. शाल्मलीचे आजोबा, नाना, तिथले खगोलशास्त्रज्ञ. गेल्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आता दुर्बीणही बंद होणार होती. कृत्रिम उपग्रहांच्या गर्दीने आकाश इतके उजळले होते, की दुर्बिणीला अंधूक काही दिसेनासे झाले होते. काल रात्री काढलेले छायाचित्र शेवटचे. ते बघून नानांना सांगायचे काम शाल्मलीचे होते.

“दोन दीर्घिकासमूह (शेकडो दीर्घिकांचे घोळके) एकमेकांवर आदळलेत,” नाना म्हणाले. “पण दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांची कुटुंबे) एकमेकींपासून इतक्या लांब असतात, की बहुतेक न शिवताच निघून जातात. आदळतो तो त्यांच्यामधला तप्त वायू. मी इतकी वर्षे बघत आलो, ती कडेची दीर्घिका कशी दिसते गं?”

“पुढची कड निळीशार! छान आहे ना ती?”

नानांनी नकारार्थी मान हलवली.

“निळे तारे नवे असतात. फार जगत नाहीत. तप्त वायूतून वेगाने जाताना दीर्घिकेतला थंड वायू दाबला जातो आणि एकदम पुष्कळ तारे जन्मतात.”

“मग वाईट काय त्यात?”

“सायकलवर तुझी टोपी उडाली होती ना? तसाच तिचा थंड वायूही उडून जातो. तारे त्याच्यापासूनच बनतात. तो गेला, की नवे तारे नाहीत. निळे विझतात, म्हातारे लालसर तेवढे उरतात.”

“कुणीच वाचवू शकत नाही तिला?”

“नाही, बाळा.”

शाल्मलीने संगणकाच्या पडद्यावरून नजर काढून घेतली. बाहेर दुर्बिणीचा आरसा उतरवायला माणसे आली होती.

“बघ ना,” नाना हळूच म्हणाले. “मला आता तुझेच डोळे आहेत. तिच्यामागे काय आहे?”

तिने डोळे पुसले. “शेपटीसारखा धूसर पट्टा.”

“तोच उडालेला वायू.”

तिने चित्र मोठे केले. “त्यात निळे ठिपके आहेत!”

“कॅमेऱ्याचा दोष असेल.”

“परवाच्या चित्रातही तिथेच आहेत, नाना.”

नाना पुढे झुकले. “म्हणजे उडालेला वायू कुठे कुठे थंड होऊन आकसतोय. तारे जन्मताहेत... दीर्घिकेच्या बाहेर!”

“मग ती वाचेल?”

“ती विझेलच. पण हे तारे कुठल्या दिशेने निघालेत, ते चंद्रावर उभारल्या जाणाऱ्या नव्या दुर्बिणीतून तू बघशील. आत्ता मला दाखव, कुठे आहेत ते.”

शाल्मलीने त्यांचे बोट धरले आणि पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावर टेकवत गेली.