इलाईचं अडखळणं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. सेफीना माझी मावसबहीण आहे, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. समुद्रातल्या आमच्या सवाई बेटावरचं सफोटू गाव. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ.

सेफीना आणि तिचा धाकटा भाऊ इलाई बोबडी वळवणाऱ्या वाक्यांचे व्हिडिओ करायचे. वाक्यं एआयकडून बनवून घ्यायची, मावशी, म्हणजे त्यांची आई, त्यातली भाषा सुधारायची आणि म्हणायचा इलाई. तिसऱ्या फेरीला हमखास अडखळायचा.

"जीभ आहे की ओलं पायपुसणं?" सेफीना चिडवायची.

"मग तूच म्हण की, मोठी आली शिकवणारी!"

आणि खो खो हसायचा. लोक त्या हसण्यासाठीच बघायचे.

जूनमध्ये त्याची होडी प्रवाळाच्या खडकांवर फुटली. तो दुसऱ्या दिवशी सापडला. आमच्या रीतीप्रमाणे घरासमोर अंगणातच त्याला पुरलं.

सेफीनाला घर खायला उठायचं. तिनं जुने व्हिडिओ एआयला दिले आणि त्याचा आवाज बनवून घेतला. रोज नवं वाक्य, रोज त्याच्या आवाजात. मावशीला पत्ता नव्हता.

आवाज हुबेहूब होता. पण तो कधीच चुकायचा नाही. वीसदा म्हणायला लावलं तरी सफाईदार. तिला तर ते अडखळणं हवं होतं. ते हसू हवं होतं. म्हणून ती पुन्हा म्हणायला लावायची... पुन्हा... पुन्हा...

त्या मंगळवारी प्रार्थनेचा शंख वाजला. गाव चिडीचूप झालं. तिनं फोन पूर्ण बंद केला आणि चटईखाली सरकवला. मावशी डोळे मिटून पुटपुटू लागली.

तेवढ्यात...

"खरवडलं खोबरं खडकावरचा खेकडा खाई."

अंगणातून.

आमच्या घरांना भिंती नसतात. मध्ये काहीच नव्हतं. अंगणात कुणीच नव्हतं.

दुसरी फेरी झाली. एरवी भुंकून जीव नकोसा करणारी कुत्रीही गप्प होती.

तिसऱ्या फेरीला...

तो अडखळला.

सेफीनाचे डोळे भरून आले. ती हसण्याची वाट बघत राहिली.

हसू आलंच नाही. नुसती धाप ऐकू आली. मग अगदी हळू...

"ताई, आता नको ना गं. रोज किती वेळा म्हणू? दमलो मी."

मावशीनं खाडकन डोळे उघडले.

"इलाई? इलाईच ना गं? शब्द नाही कळले मला. काय म्हणाला? मला हाक मारली का?"

खरं सांगायची सेफीनाची हिंमत झाली नाही.

"हो आई. तुलाच हाक मारली."

त्याच संध्याकाळी तिनं तो आवाज कायमचा पुसून टाकला. आपण त्याला मेल्यावरही राबवलं, म्हणून ढसाढसा रडली.

पण मावशी आता रोज शंख वाजला की अंगणाकडे तोंड करून बसते.

मागच्या महिन्यात मी तिथं होते. गाव शांत झालं. मावशी पुढे झुकली.

"बोल रे बाळा. आले मी. बोल की..."



मग अंगणात कुणीतरी दमून सुस्कारा टाकला... आणि बोलायला सुरुवात केली.

मावशीचा चेहरा इतका उजळतो, की तिला खरं सांगायचं धाडस सेफीनाला होत नाही.

मलाही झालं नाही.