वडाभोवतीचं सूत

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. मी तिथे होते.

गेल्या जूनमधली वटपौर्णिमा. भर दुपार. जागा माथेरान, माझ्या ताईच्या लॉजचं अंगण.

सुरभीताई लग्न होऊन तिकडे गेली, त्याआधीपासून त्या अंगणात वड होता. आसपासच्या बायका तिथेच पूजेला यायच्या. या खेपेला दस्तुरीच्या गाडीतळापासून धुक्यातून चालत मी पोहोचले, तर वड नव्हता. नुसती लाल माती.

"वाळला गं तो," ताई म्हणाली. "परवानगी काढून पाडला. आता इथे दोन खोल्या होतील."

पूजेचं ताट दिसेना. सूतही नाही. मी विचारलं, तर ती आत निघून गेली.

मी अंगणातच थांबले. आणि मग...

टप. टप. टप.

माथेरानला धुकं पानांवर साठतं आणि खाली ठिबकतं. झाडाखाली माणूस भिजतो, उघड्यावर नाही. इथे तर वर काहीच नव्हतं.

तरी माती भिजत होती... गोल. वडाच्या सावलीएवढी.

एकही पाखरू बोलत नव्हतं.

तेवढ्यात अनुपम भावोजी टेप घेऊन आले आणि त्या ओल्या मातीत उभे राहून खोल्यांची मापं घेऊ लागले. थोड्या वेळाने कंबर खाजवतच बाहेर आले.

"काहीतरी काचतंय," म्हणत त्यांनी शर्ट वर केला...

कमरेभोवती पांढरं सूत. ओलं. वेढ्यावर वेढे.

"सुरभी, ही कसली थट्टा?" ते हसले.

ताई दारात आली आणि सूत पाहून तिथेच थांबली.

"हिरवं झाड पाडू देत नाहीत ना, तेजू," ती म्हणाली. "म्हणून गेल्या वर्षी यांनी बुंध्याची साल काढली, गोल. कडं पुरं जुळलं की झाड उभ्या उभ्या मरतं. पूजेला येणाऱ्या बायकांना दिसू नये म्हणून त्या जखमेवर पहिलं सूत मी गुंडाळलं. आणि वर यांच्यासाठीच आयुष्य मागितलं. मला लाज कशी नाही वाटली गं?"

भावोजींचं हसू गेलं होतं. मी घाईघाईने कात्री आणली आणि सूत कापलं. त्याखालची कातडी वाळून सुटली होती, साल सुटते तशी. फक्त पाठीकडे चार बोटं जागा धड होती.

कर्जतच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं.

खोल्यांचं काम बंद आहे. ताईने तिथे वडाचं रोप लावलं, ते जळलं. दुसरं लावलं, तेही जळलं.

नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेलं सूत त्या दिवशी कुणी कापत नाही. मला ठाऊक होतं. तरी कापलं. ते सारखं मनात येतं.

काल ताईचा फोन आला. मागून टपटप ऐकू येत होती...

"पाऊस आहे का गं?" मी विचारलं.

"नाही."

मग हळूच म्हणाली, "यांच्या पाठीवरची ती धड जागा करंगळीएवढीच राहिलीय, तेजू."