तुमची आई आणि मी

हॉस्पिटलमधल्या कॉफीच्या मशीनने तिचं नाणं गिळलं आणि थेंबही दिला नाही. तिने मशीनला एक चापट मारली.

“डावीकडून मारा. उजवीकडून रुसतं ते!” मागून कुणीतरी म्हणालं. त्याने मारून दाखवली. कॉफी आली... थेट त्याच्या शर्टावर. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

ती पोहायला शिकवायची. तिची आई शिवणकाम करायची, आणि आता आईच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती. तो याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होता. आधीच्या पेशंटांच्या नोंदी चाळून, आईसारख्या बायकांना कुठलं औषध मानवलं, कुठलं बाधलं, हे तो डॉक्टरांसमोर मांडायचा.

“म्हणजे माझी आई तुमच्या कॉम्प्युटरला कळते?” तिने भुवई उडवली.

“छे! म्हणून तर विचारतोय... त्यांना काय गमवायचं नाहीये?”

“बोटं,” ती पटकन म्हणाली. “सुई धरता आली नाही, तर वेडी होईल ती. त्यात मधुमेह...”

तो तिच्याकडे बघत शर्टावरचा डाग पुसत राहिला.

“अहो, लिहून घ्या ना!”

“हो... घेतो.”

मग दर खेपेला कॉफी झाली, गप्पा झाल्या, तिची नजर त्याला शोधायला शिकली. पण औषध ठरवायच्या दिवशी डॉक्टरांशेजारी त्याच्याऐवजी भलतीच कुणी बाई बसली होती.

डॉक्टरांनी स्क्रीन आईकडे वळवली. “नेहमीच्या औषधाने मधुमेह असलेल्या बायकांची बोटं बरेचदा बधिर होतात, काहींची कायमची. तुमच्या गाठीवर दुसरं औषध जवळपास तितकंच चालेल. पण मळमळ जास्त, आणि केस दोन्हींत जातील.”

“केस उगवतील,” आई म्हणाली. “बोटं ठेवा.”

तो जिन्यात सापडला. खिडकीवर पाऊस तडतडत होता.

“ऐन वेळी अंग काढून घेतलंत?”

“फाइल मीच सहकारी बाईंना दिली.”

“का?”

“आकडे बघताना एकच ओळ चारचारदा तपासायला लागलो... तुमची आई मला पेशंट वाटेनाशी झाली. अशा माणसाने ते काम करू नये.”

“मग कोण वाटते?”

त्याचे कान लाल झाले. “ते... त्यांनाच विचारणार होतो. उपचार संपल्यावर.”

“आणि मला?”

“तुम्हाला आधी.”

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. “उपचार संपायला खूप वेळ आहे,” ती हळूच म्हणाली. “तोवर मला अहो-जाहोच करणार?”

“नाही... तू म्हणशील तसं.”

“अगं, कुठे गेलीस? भूक लागलीय मला!” खालून आईचा आवाज आला.

“चल,” ती त्याचा हात धरत म्हणाली, “भूक लागली की ती कुणाचं ऐकत नाही.”