कव्हरावरचा सोबती

पुस्तकांना कव्हर घालायची माझी एक पद्धत आहे. कागद पुस्तकापेक्षा चार बोटं मोठा घ्यायचा, कडा आत मुडपायच्या, ओल्या बोटानं घडी दाबायची आणि वरून पट्टी फिरवायची. डिंक नाही, टाचणी नाही. वीस वर्षं मी गणित शिकवते, घडी वाकडी आली की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्या त्या घडीपासून सुरू झालं. आणि मी काही भुताखेतांना मानणारी बाई नव्हे.

आमची शाळा गुलबर्गा जिल्ह्यात, मादन हिप्परग्याच्या अलीकडं, रस्ता तुरीच्या रानातून वळतो तिथं. एकाच आवारात मराठी वर्ग आणि कन्नड वर्ग. पोरं मराठीत भांडायला लागतात, शिव्या कन्नडमध्ये देतात आणि समेट दखनीत करतात. एरवी सगळं गुण्यागोविंदानं. फक्त जेवणाच्या सुट्टीत नाही.

त्याचं कारण सुमनबाई. जूनमध्ये शाळेच्या स्वयंपाकाला त्यांना नेमलं. बौद्ध घरातली बाई, हाताला चव, भांडी आरशासारखी घासणार. त्यांची नात प्रेरणा माझ्याच सहावीच्या वर्गात. पहिल्याच आठवड्यात माझी अकरा पोरं घरून डबा आणायला लागली आणि ओसरी सोडून लिंबाखाली जाऊन बसायला लागली. कुणी उघड काही बोललं नाही. पोटाला बाधतंय, तिखट लागतंय, असली कारणं. गावच्या शाळा समितीचे चन्नवीर अण्णा मात्र हेडमास्तरांना सांगून गेले की पोरं जेवत नसतील तर बाई बदलावी लागेल, महिनाअखेरीच्या शनिवारी बैठक घेऊ. सुमनबाईंच्या कानावर ते गेलंच. त्या भांडी आणखीच लखलखीत घासायला लागल्या. प्रेरणा मात्र वर्गात खाली मान घालून बसायला लागली. पहिल्या बाकावरची पोर, तिचा हात वर येईना. मला ते बघवत नव्हतं.

हेडमास्तर गुरुपादय्या सरांनी एक दिवस जुनं कपाट उघडलं आणि त्यात कव्हरांचा गठ्ठा निघाला. 'सोबती' नावाचं चित्रकथांचं मासिक पूर्वी हैदराबादहून निघायचं म्हणे. सोबती हा त्यातला वीर. निळा मुखवटा, पिवळा झगा, छातीवर सूर्य. मासिकवाले त्या काळी शाळांना पुस्तकांची कव्हरं फुकट वाटायचे, पोरांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून. सर सांगत होते की त्यांच्या लहानपणीसुद्धा या कव्हरासाठी पोरं जीव टाकायची.

चित्र खरंच झकास होतं. आठ पोरांची पंगत, कुणी गोल टोपीतला, कुणाच्या गळ्यात लिंग, एकीच्या केसात अबोली, एक अनवाणी. समोर निळ्या काठाची पांढरी ताटं. मागं सोबती उभा, नजर पोरांवर. खाली मराठी, कन्नड आणि उर्दूत एकच ओळ: 'जो पंगत मोडतो, तो माझा सोबती नव्हे.' कोपऱ्यात बारीक अक्षरात साल, १९६६.

म्हटलं, देवानं दिलं. वर्गाच्या एकतीस गणिताच्या पुस्तकांना हेच घालू, रोज डोळ्यांसमोर राहील. एका अख्ख्या कागदाचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला.

एकच खोट होती. पंगतीच्या पार कडेला, सगळ्यांपासून लांब, एक बाई पाठ करून बसलेली. मांडीवर काहीतरी घेऊन. चित्रकारानं ती कशाला काढली कोण जाणे, सगळी रचना बिघडत होती. मी नेमकी तिथंच घडी घातली. एकतीस वेळा तिला आत मुडपली आणि वरून पट्टी फिरवली.

सोमवारी पुस्तकं वाटली. मंगळवारी अंबिका टेबलापाशी आली. मोठ्या घरची पोर, डबा घेऊन लिंबाखाली बसणाऱ्यांची म्होरकी.

"बाई, सोबती आता पोरांकडं बघत न्हाई."

"मग कुणाकडं बघायलाय?"

"कडंला. तुम्ही मुडपलाव तिथं."

मी हसले. नंतर सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर फोटो उघडला आणि पुस्तक शेजारी ठेवलं. फोटोत सोबतीची बुबुळं मधोमध होती. कव्हरावर ती उजवीकडं सरकलेली. मी पट्टी लावली, दीड मिलिमीटर. जुना कागद, दमट हवा, शाई पसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाकांवरची एकतीसच्या एकतीस पुस्तकं तपासली. सगळीकडं दीड मिलिमीटर.

बुधवारी सुट्टीत ओसरीवर एक ताट जास्त दिसलं. शाळेची ताटं स्टीलची, मी स्वतः मोजून कुलपात ठेवते. हे ताट पत्र्यावर पांढरा मुलामा दिलेलं, निळ्या काठाचं, सहावीच्या पंगतीच्या टोकाला. मी पोरांना दरडावून विचारलं. कुणीच ठेवलं नव्हतं, आणि खोटं बोलणाऱ्या पोराचे कान मला लांबून ओळखू येतात. सुमनबाईंनी त्यात भात वाढला, वर सांबार घातलं.

मी म्हटलं, कुणाचं ताट माहीत नाही आणि तुम्ही वाढता?

"कोण मांडायलंय ते मला ठावं न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पर मांडलेल्या ताटाला वाढल्याबिगर मी फुडं जात न्हाई."

सुट्टी संपली तेव्हा अन्न तसंच होतं. तास घेऊन मी परत आले, तर ताट नव्हतं. गुरुवारी पुन्हा तेच. त्या दिवशी मी पंगत संपेपर्यंत ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिले. ताटाजवळ कुणी फिरकलं नाही. पण तासाभरानंही भातातून वाफ निघत होती. मी बोट लावून बघितलं, चटका बसला.

त्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्याकडं तोंड करून उभं राहायची मला धास्ती वाटली. पाठीमागं एकतीस पुस्तकं होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी मुद्दाम मागं ठेवली. जेवण वाढायच्या आधी एका शिक्षकानं ते चाखून वहीत सही करायची असा नियम आहे. ते काम माझ्याकडं. सुमनबाई आल्यापासून रोज मी न चाखताच 'चव उत्तम' लिहून सही करत होते आणि ऑफिसात दार लोटून घरचा डबा खात होते. कडक भाकरी, शेंगाची चटणी. विचारलं तर सांगायचे, मला ऍसिडिटी आहे. जातपात मी मानत नाही, वर्गात तर त्यावर तासन्‌तास बोलते. पण माझ्या आईनं मला ज्या घरात पाणी प्यायला शिकवलं नाही, त्या घरचं अन्न घशाखाली उतरेल की नाही, हे मी कधी करून बघितलंच नव्हतं. सुमनबाईंना ते ठाऊक होतं. वही त्याच तर माझ्यापुढं धरायच्या.

शुक्रवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, मी डबा उचलला आणि ऑफिसकडं निघाले. अंबिका दारात उभी होती.

"बाई, तुम्ही कामून जेवत न्हाईत सगळ्यांसंगं?"

"मला ऍसिडिटी आहे गं."

"व्हय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. "आई म्हणली, मला बी ऍसिडिटी हाय म्हणून सांग. बाई तसंच सांगतात की."

माझं तोंड कडू झालं.

मी ओसरीकडं वळून बघितलं.

पोरांनी दप्तरं भिंतीशी लावली होती आणि गणिताची पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं उभी होती. ती तशी कुणी लावली, मी विचारलं नाही.

एकतीस सोबती. एकही कडेकडं बघत नव्हता.

सगळे सरळ माझ्याकडं बघत होते.

पंगतीच्या टोकाला ते पांढरं ताट होतं. भातातून वाफ निघत होती. सुमनबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. प्रेरणानं मान वर केली होती.



मी डबा ऑफिसच्या उंबऱ्यावर ठेवला.

चालत गेले. त्या ताटासमोर मांडी घातली.

भात कालवला. पहिला घास तोंडात घातला.

मीठ थोडं कमी होतं. इतके दिवस मी 'उत्तम' लिहीत होते.

"सुमनबाई, मीठ आणा जरा," मी म्हणाले.

त्या मीठ घेऊन आल्या, चिमूटभर ताटाच्या कडेला वाढलं आणि पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेल्या. माझ्या शेजारी कुणीतरी धपकन बसलं. अंबिका. डबा बंद करून दप्तरात टाकलेला. मग लिंबाखालून एक एक करत उरलेली दहा आली. प्रेरणा उठून वाढायला लागली, आणि अंबिकानं दोनदा सांबार मागितलं.

शनिवारची बैठक चहा निवायच्या आत संपली. चन्नवीर अण्णांनी विचारलं, पोरं जेवायलीत का? गुरुपादय्या सर म्हणाले, बाईसुद्धा जेवायल्यात. विषय मिटला. सुमनबाई राहिल्या. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आठवडाभरानं पाय पसरून झोपले. छातीवरचा धोंडा उतरला होता. आता मी रोज ओसरीवर जेवते आणि वहीत खरं काय ते लिहिते. पांढरं ताट पुन्हा कधी दिसलं नाही. सोबतीची नजर परत पोरांवर आहे, पट्टी लावून बघितली.

हरवला तो फक्त माझा डबा. उंबऱ्यावर ठेवला होता, जेवून उठले तर नव्हता. वहिनीनं माझ्या लग्नात दिलेला, झाकणावर गुलबर्ग्याच्या भांडेवाल्यानं ठिपक्यांनी माझं नाव, 'विजयश्री', घातलेलं. त्याचं यंत्र शेवटी घसरलं आणि अक्षरांखाली एक लांब ओरखडा राहिला होता. सगळी शाळा पालथी घातली. म्हटलं जाऊ दे, पीडा गेली.

गणपतीच्या सुट्टीनंतर प्रेरणाच्या पुस्तकाचं कव्हर फाटलं. नीट करायला म्हणून मी घडी उलगडली. कडेची बाई तिथं नव्हती. ती पंगतीत होती, आठ पोरांच्या शेवटी, मांडीवर निळ्या काठाचं ताट घेऊन, घास तोंडाशी. चष्मा माझ्यासारखाच. मला भीती वाटली नाही, खरं सांगते, हायसंच वाटलं. तिच्या जुन्या जागी नुसता एक डबा पडला होता.

मग मी मोबाइलमधला तो पहिला फोटो उघडला. त्यात ती अजून पाठ करून, एकटीच बसलेली आहे. तिच्या मांडीवर काय होतं ते तेव्हा मी बघितलं नव्हतं. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. कोपराखालून झाकणाची कड दिसते. तिच्यावर बारीक ठिपके आहेत, आणि त्यांच्याखाली एक लांब ओरखडा.

कव्हरावर साल छापलंय, १९६६. माझा जन्म एकोणऐंशीचा.