आबईच्या बिया

गुंजवणे गावाच्या वरच्या वाडीत, एका कुडाच्या भिंतीवर आबईच्या शेंगा वाळलेल्या दिसल्या आणि शेफालीनं न विचारताच हात घातला.

"ओ मॅडम! कच्ची खाल्ली तर आतडी बाहेर येत्याल."

"खायला नकोय. प्रयोगाला हवीय."

शेळ्या हाकत आलेला सिद्धनाथ हसला. "आमच्या कुडावर कसला परयोग?"

"या बीत एक प्रथिन असतं. मी साखरेच्या कणांची लांब साखळी करते, तिला चमकणारी खूण लावते. प्रथिनाला साखर ओळखीची वाटली की ते धरून बसतं. धुतलं तरी सोडत नाही."

"धुतलं तरी?" त्यानं तिच्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ. "लई चिवट."

"मी, की प्रथिन?"

"दोगंबी."

निवडून, साफ करून वेल्ह्याच्या एसटीनं बिया पाठवतो म्हणाला. पाठवल्याही.

पुण्यात ती तीन वर्षं एकटी राहत होती; बोलता बोलता त्यालाही तसं सांगून गेली होती. एकटेपण गोड असतं म्हणणाऱ्यांना एकदा त्या वसतिगृहाच्या खोलीत कोंडलं पाहिजे! तापानं फणफणली तरी शेजारीण दार वाजवत नसे. प्रयोगशाळेत सगळे निकाल विचारत, जेवलीस का ते कुणीच नाही. सरांनी तर बजावलंच होतं – महिनाअखेर चमक दिसली नाही तर विषय बंद.

बिया सुरकुतलेल्या होत्या. जुन्या असतील म्हणून तिनं तशाच दळल्या. साखळी ओतली, धुतली, निळ्या उजेडात पाहिलं... मिट्ट काळोख. एकही कण चिकटला नव्हता.

तिनं तणतणत फोन लावला. "सिद्धनाथ, काय केलंत बियांचं?"

"उकडून वाळवल्या. चारदा इखाचं पानी वतून दिलं."

"कुणी सांगितलं होतं? उकडल्यावर प्रथिन मोडतं!"

पलीकडं त्यानं ओरडणाऱ्या शेळ्यांना हाकललं. मग तो हळूच म्हणाला, "तुमी एकट्या ऱ्हाता म्हनला व्हता. चुकून तोंडात टाकली असती तर... बगाया कोन व्हतं?"

शेफालीचा राग कुठं गेला कळलं नाही. "आता कच्च्याच पाठवा. तोंडात नाही टाकणार," ती म्हणाली.

दोन दिवसांनी कच्च्या बिया आल्या. या खेपेला तीनदा धुऊनही ताटलीत हिरवा उजेड तसाच. अंधाऱ्या खोलीत ती एकटीच हसली. आणि सांगायला सिद्धनाथशिवाय कुणी सुचलं नाही.

"धरलं?" त्यानं विचारलं.

"धरलं."

"मग... आता हिकडं यायचं काम संपलं म्हना की."

"संपलं. उद्या येतेय."

"आता कशापायी?"

"तुमच्यापायी."