मिरचीचा ठसका

विरजण संपलं म्हणून दिवेलागणीला गजराबाई वाटी घेऊन शेजारच्या कौसाबाईकडे गेली. खरं तर निमित्तावाचून तिचं कधी अडलं नाही. सुरतेची नोकरी सोडून आलेली कौसाबाईची रुचिका दिसत का नाही, हे अख्ख्या कोरीट गावात तिलाच जास्त छळत होतं.

"उठत नई, खात नई माय," कौसाबाई पुटपुटली.

"मजाक करस का? सकायमाच मोबाइलमा देखी मी तिले. कशी हासी ऱ्हायनी व्हती!"

आतल्या खोलीत न धुतलेल्या केसांचा कोंदट वास होता. रुचिका भिंतीकडे तोंड करून पडलेली. उशाशी भाकरी वाळून कडक झालेली.

"नजर लागनी पोरले," गजराबाई म्हणाली. मीठ-मिरच्या उतरवून तिने शेगडी खाटेजवळच आणली आणि मूठ निखाऱ्यावर टाकली. नजर असली, की मिरचीचा ठसका येत नाही. पण धूर असा उठला, की दोघी बायका खोकून बेजार झाल्या.

"नजर नई व माय!" कौसाबाईने डोळे पुसत हात जोडले.

गजराबाई मात्र खाटेकडे बघत राहिली. धूर रुचिकाच्या तोंडावरून जात होता. ती खोकली नाही.

तेवढ्यात गजराबाईच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला. रुचिकाचा नवा व्हिडिओ. हिरवी साडी, मोकळे केस, हसणं. गजराबाईचा अंगठा सवयीने लाइकच्या बदामावर गेला. बदाम लाल झाला.

"कौसा... पोरना मोबाइल कोठे शे?"

"बंद करीसन कपाटमा ठेल शे. चार दिन व्हयनात. कुलूप शे ना..."

खाटेवरून आवाज आला, कोरडा, लांबून आल्यासारखा.

"काकू... तिले नका देखू. तुम्हीन बदाम देतस ना... ती आखो जास्ती हासस. आनि मी... कमी व्हस."



व्हिडिओतली रुचिका हसता हसता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला जोराचा ठसका लागला.

गजराबाईने घाबरून मोबाइल बंद केला. खोकणं थांबलं नाही. ते बाहेरच्या खोलीतून येत होतं, कुलूप लावलेल्या कपाटातून.

"मन्ही पोर!" म्हणत कौसाबाई किल्ली घेऊन कपाटाकडे धावली.

खाटेवरच्या रुचिकाने आईची पाठ पाहिली, आणि परत भिंतीकडे तोंड केलं.