ती काळी विंडो बंद करू नका

माझे हात थरथरत होते, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ते दिसत नव्हते, एवढंच काय ते नशीब. त्याचा चष्मा मधोमध मोडला होता. चाचपडत तो दुकानात शिरला आणि माझ्याऐवजी फ्रेमच्या स्टँडला म्हणाला, "नवा चष्मा आज मिळेल का हो?"

एरवी मी खुदकन हसले असते. पण आज हसायची सोय नव्हती. काचा घासायचं मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही, ही मामाची सक्त ताकीद. दुकान मामाचं. चुकलीस तर बॅग भरायची, असं त्याने आधीच बजावलेलं. आणि मी दीडशहाणी, तो जेवायला गेल्याचं बघून नवा प्रोग्रॅम बसवायला बसले. आता मशीनचा प्रोग्रॅम उघडतच नव्हता.

"मिळेल... म्हणजे, बहुतेक नाही," म्हणता म्हणता मला रडूच फुटलं.

तो आवाजाच्या दिशेने वळला. "चष्मा माझा मोडलाय. तुम्ही का रडताय?"

मी सगळं सांगून टाकलं. सेटिंगमधल्या पाथ नावाच्या ओळीत नव्या प्रोग्रॅमचा पत्ता जोडायचा होता. मी जुने सगळे पुसून नवा तेवढा ठेवला, वर ओकेही दाबलं.

"कुठला प्रोग्रॅम कुठे शोधायचा, ते त्या ओळीत असतं," तो म्हणाला. "माझं रोजचंच काम आहे हे. पुसायच्या आधी उघडलेली एखादी विंडो आहे का?"

"एक काळी आहे, कमांड टाइप करायची. बंदच करतेय—"

"नको." त्याने घाईने हात पुढे केला, तो नेमका माझ्या मनगटावर पडला. "सॉरी... मला वाटलं माउस आहे."

"माउस इतका थरथरत नाही," मी म्हटलं. त्याने हात काढला, पण जरा उशिराच.

"तुम्ही केलेला बदल त्या विंडोला अजून कळलेला नाही. जुनी ओळ तिच्याकडे आहे. बंद केलीत की गेली. तिच्यात पाथ टाइप करा आणि एंटर दाबा."

अक्षरांची लांबलचक रांग उमटली. जुनीच ओळ आहे ना, ते त्याला दिसेना, म्हणून मी वाचून दाखवायला लागले. तो खुर्चीशी वाकून ऐकत होता.

"जरा सावकाश."

"का, चुकतेय?"

"नाही... ऐकायला बरं वाटतंय."

तेवढ्यात बाहेर मामाची स्कूटर थांबली. माझं धाबं दणाणलं. ओळ कॉपी केली, सेटिंगमध्ये टाकली, ओके दाबलं, प्रोग्रॅमवर क्लिक केलं. काहीच नाही. मामाची पावलं दारात... आणि प्रोग्रॅम उघडला.

"चेहरा का असा उतरलाय गं?" मामाने विचारलं.

"काही नाही. यांचा चष्मा करतेय."

मोडक्या चष्म्यावरून नंबर काढला, काचा घासून झाल्या. मी त्याच्या नाकावर चष्मा ठेवला आणि मला नवीनच भीती वाटायला लागली. आता हा मला बघणार. रडून सुजलेलं नाक, विस्कटलेले केस... त्याने बघितलं. बघतच राहिला.

"स्पष्ट दिसतंय ना?" मी पुटपुटले.

"फारच. पण आता घाबरायची पाळी माझी," तो हळूच म्हणाला. "उद्या इथे यायला मला काही कारणच उरलं नाही."

मी चष्म्याची काडी उगाच हलवून बघितली. "ही सैल लागतेय. घट्ट करायला उद्या यावं लागेल."

"उद्या कशाला?" मामा मागून म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. आत्ताच करून दे."

मामाच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. मी वळून सरळ त्याच्याकडे बघितलं, आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाठीमागे घट्ट धरला.

"स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाहीये, मामा."